न आवडलेला सिनेमा पुन्हा बघताना

चित्रपट रसास्वाद शिबिरात नव्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "'कोर्ट'चं सगळे कौतुक करतात, मला तो रटाळ वाटला. माझं काही चुकतंय का?" मुळीच नाही. आवड ज्याची त्याची. पण सिनेमा शिकायचा असेल, तर 'रटाळ वाटला' एवढं म्हणून भागत नाही. कशामुळे वाटला, ते पडद्यावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या या २०१४ च्या सिनेमात कॅमेरा बहुतेक वेळा लांब, एका जागी उभा असतो. वकील महत्त्वाचं बोलतोय म्हणून त्याचा चेहरा जवळून दाखवायची घाई नाही. कारकून, पोलीस, आपल्या तारखेची वाट बघणारी माणसं, सगळी त्याच चौकटीत. कुठे बघायचं ते आपलं आपण ठरवायचं. कंटाळा येतो तो याच्यामुळेच, आणि सिनेमाचं म्हणणंही यातच आहे: ज्या खटल्यात एका शाहिराचं आयुष्य अडकलंय, तो कोर्टासाठी रोजच्या कामातला एक.

शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, कॅमेरा मात्र त्या अंधाऱ्या खोलीत बराच वेळ थांबतो. सिनेमा संपला असं वाटून प्रेक्षक चुळबुळायला लागतात. आणि मग दिसतात सहलीला गेलेले न्यायाधीश. ते बाकावर डुलकी काढत असताना पोरं ओरडून त्यांना उठवतात, एकाला चापट बसते, ते पुन्हा डोळे मिटतात. अंधारावर संपवला असता तर शेवट जास्त दिमाखदार झाला असता. पण मग खुर्चीतला माणूस खुर्चीबाहेर कसा आहे, हे कळलंच नसतं. मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो. तुम्हाला पटेलच असं नाही, पण तो निर्णय आहे हे दिसायला लागलं की बघणं बदलतं.

सवय लावायला एक साधा उपाय आहे. एखादा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐका. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुकराच्या मागे धावणारं कुटुंब एकाएकी जागच्या जागी थबकतं. आवाज नसेल तर काय झालं ते समजणारच नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालेलं असतं. डुक्कर निसटून चाललंय आणि हलता येत नाही! शाळा, देश आणि त्या घराची गरज यांची गाठ इथे संवादाविना पडते, ती केवळ ध्वनीमुळे. अशा वेळी ध्वनिरेखन, म्हणजे सिनेमातल्या आवाजांची रचना, करणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत का वाचायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सिनेमाची टिपणं काढाल त्या वहीत गुण म्हणून तारे देऊ नका. कट कुठे आला, म्हणजे एक दृश्य तोडून दुसरं कुठे जोडलं, कॅमेरा कुणाच्या उंचीवर होता, एवढं लिहा.

खरी अडचण येते ती लाडक्या सिनेमापाशी, कारण तिथे आपण वाहून जातो. म्हणून दुसरा अभ्यास त्याचाच करा. 'सैराट' आवडत असेल, तर गाणी कुठे आहेत आणि मुलं गाव सोडून पळाल्यावर संगीताचं काय होतं, हे पुढच्या वेळी टिपून ठेवा.