बुडाला बसलेलं पाणी

विकायला केलेल्या केसांच्या तेलाची माझी पहिली मोठी बॅच दीडशे बाटल्यांची, सप्टेंबरात भरलेली. आपल्या सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरातच, एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं होतं. तीन आठवड्यांनी साखर पेठेतल्या एका अक्कांचा फोन आला, "ताई, तेल वास मारायलंय की ओ. बुडाला कायतर बसलंय." गेले, बाटली उजेडात धरली. वर छान हिरवट तेल, तळाशी पांढुरका ढग. झाकण उघडलं तर फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास. विकलेल्या सगळ्या बाटल्या परत मागवल्या, पैसे दिले आणि दोन महिने कढईला हात लावला नाही.

चूक काय, तर ताजी कोरफड. पान सोलून, गर मिक्सरला लावून खोबरेल तेलात ओतला. कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळं पाणीच असतं. तेलाला बुडबुडे आले, रंग उतरला, मला वाटलं झालं. गॅस बंद केला. उरलेलं पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बसलं. त्यात पाल्याचा चोथा. बुरशीला आणखी काय पाहिजे?

"आजी ताजंच घालायची," हे मलाही सगळ्यांनी ऐकवलं. आजीचं तेल वाटीभर असायचं आणि आठ दिवसांत घरातल्या पाच डोक्यांवर संपायचं. तुमची बाटली गिऱ्हाइकाच्या मोरीत सहा महिने उभी राहणार, ओल्या हातानं उघडली जाणार. घरचा नुस्खा आणि विकायचा माल यात हा एवढाच फरक आहे, पण धंदा त्यातच बुडतो.

म्हणून आता कढीपत्ता, जास्वंद, माका सगळं सावलीत वाळवते. पान मुठीत चुरलं की कुरकुरीत चुरा झाला पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून ओल आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे काम फुकटात होतं, वर्षभराचा पाला तेव्हाच करून ठेवा. आवळकाठी, ब्राह्मी, जटामांसी काष्ठौषधीच्या दुकानातून आणते, पण तीही एकदा पसरते. पावसाळ्यात पुडीतही ओल धरते.

कोरफड घालायचीच असेल तर मंद आचेवर, पाणी पूर्ण उडेपर्यंत. घड्याळ बघू नका. जुन्या वैद्यांची खूण बघा: तळाचा चोथा चिमटीत घ्या, त्याची वात वळली पाहिजे. ती वात ज्योतीवर धरा. तडतडली तर पाणी आहे, परत आच. मुकाट जळली तर उतरवा. मी आज चार वर्षांनीही प्रत्येक कढईला हे करते, घरचे हसतात. मग गाळून काचेच्या बरणीत आठ दिवस ठेवते, बूड बघते आणि मगच भरते. बाटल्या धुतल्यावर आत एक थेंबही राहता कामा नये. तोही पाणीच.

शाम्पूच्या वाटेला नवख्यानं जाऊ नये. त्यात पाणी असतं, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच. "केमिकल-फ्री" लिहून ते टाळणाऱ्यांचा मला राग येतो. त्यापेक्षा शिकेकाई-रिठ्याची कोरडी पूड विका. खपते, टिकते.

दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सला मी पाच हजार घातले. मॅडमनी लोगोचे रंग शिकवले, लायसनचं नावही काढलं नाही. तर ऐका: छोट्या धंद्यांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका, पण ती म्हणजे तेल बनवायची परवानगी नव्हे. फूड लायसनचा नंबर छापतात तेही चूक, तेल डोक्याला लावायचं आहे. विक्रीसाठी केसांचं तेल बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली राज्याच्या एफडीएचं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं, लायसन लागतं, आणि स्वयंपाकघर त्यात बसत नाही. लेबलवर "आयुर्वेदिक औषध" म्हटलं की त्याचं वेगळं लायसन. "टक्कल जाईल", "पांढरे केस काळे होतील" असलं काही छापू नका, दिशाभूल करणारा दावा कायद्याला चालत नाही. मला हे बाटल्या परत आल्यावर कळलं. सरळ बोलायचं तर मी तोवर बेकायदेशीर विकत होते.

घाबरू नका, वाट आहे. लायसन असलेल्या कारखान्याकडून स्वतःच्या रेसिपीनं माल बनवून घेता येतो. मी तेच करते. वातीची परीक्षा मात्र तिथं जाऊन स्वतः करते. तिथले कामगार सुरुवातीला कंटाळले, आता मी पोचायच्या आत काडेपेटी काढून ठेवतात.

एक राहिलंच. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं. डिसेंबरात सकाळी सातलाच फोन येतात, "भेसळ आहे का ओ?" लेबलवर एक ओळ टाका: थंडीत गोठेल, कोमट पाण्यात बाटली ठेवा. आणि उन्हाळ्यासाठी बाटली काठोकाठ भरू नका, तेल फुगतं, कुरिअरचा खोका तेलकट होऊन परत येतो. पहिल्या खेपेला तीसच बाटल्या करा. त्यातल्या दोन घरी ठेवा, एक खिडकीत, एक मोरीत.