जुने श्रेडर यंत्र : पारख, पाती आणि वापर

छाटलेल्या फांद्या आणि काटक्या बारीक करणारे श्रेडर यंत्र जुने विकत घेतले की त्याच्याबरोबर आधीच्या मालकाच्या सवयींचे परिणामही आपल्याकडे येतात. बोथट पाती रेटून चालवलेली असतात, मुळांबरोबर माती आणि खडे आत गेलेले असतात आणि कधीकधी तर सुरक्षेसाठी दिलेला खटकाच कोणीतरी निकामी करून ठेवलेला असतो. असे यंत्र वारंवार अडकू लागले की पहिला संशय मोटरवर घेतला जातो. परंतु बहुतेक वेळा दोष पात्यांमध्ये किंवा माल आत घालण्याच्या पद्धतीत असतो. म्हणून मोटर उघडण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

सर्वप्रथम आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे हे ओळखावे, कारण एका जातीला लागू पडणारी निगा दुसऱ्या जातीला निरुपयोगी ठरते. चकतीच्या यंत्रात मोटरच्या दांड्यावर एक जड चकती असते आणि तिच्यावर बहुधा दोन पाती बोल्टने आवळलेली असतात. ही चकती मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेते, त्यामुळे काम झपाट्याने होते. मात्र आवाज कर्कश असतो आणि फांदी हाताने किंवा दट्ट्याने थोडी पुढे सरकवावी लागते. रोलरच्या यंत्रात जाड दातांचा रोलर मिनिटाला सुमारे ४० फेरे इतक्या संथ गतीने फिरतो आणि फांदीला समोरच्या धातूच्या पट्टीवर दाबून चिरडत कापतो. तो फांदी स्वतःच आत ओढून घेतो आणि त्याचा आवाजही सौम्य असतो. परंतु ओल्या, लिबलिबीत पाल्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. पेट्रोलवरील मोठ्या यंत्रांत जड चकती किंवा ड्रम असतो आणि काहींत पात्यांच्या जोडीला फिरते हातोडेही असतात. मुख्यतः फांद्याच निघत असतील तर रोलरचे यंत्र घ्यावे आणि पालाच अधिक असेल तर चकतीचे घ्यावे, असे माझे मत आहे.

खरेदीपूर्वीची तपासणी

विक्रेत्याने यंत्र चालू करून दाखवले एवढ्यावर समाधान मानू नये. आधी प्लग काढून ठेवावा आणि यंत्रावरील माहितीची पट्टी वाचावी. तिच्यावर मोटरची शक्ती आणि बऱ्याचदा ‘एस६ – ४० टक्के’ अशा प्रकारची नोंद असते. तिचा अर्थ असा की दहा मिनिटांच्या चक्रात चार मिनिटे पूर्ण भार आणि उरलेली सहा मिनिटे मोकळे फिरणे, एवढेच काम मोटरकडून अपेक्षित आहे. घरगुती यंत्र दिवसभर सलग चालवण्यासाठी बनवलेले नसते, हे त्या नोंदीतून स्पष्ट होते. फांदीची कमाल जाडी ४० किंवा ४५ मिलिमीटर लिहिलेली असली, तरी तो आकडा ताज्या, मऊ लाकडाच्या बाबतीतला समजावा. वाळलेल्या कठीण लाकडासाठी बरीच कमी जाडी गृहीत धरावी.

त्यानंतर जाड हातमोजे घालून, प्लग काढलेलाच असल्याची पुन्हा खात्री करून वरचे तोंड उघडावे. चकती हाताने हलकेच वरखाली आणि बाजूला हलवून पाहावी. ती दांड्यासकट डगमगत असेल तर बेअरिंग झिजलेले आहे. पात्यांच्या बोल्टभोवती आणि चकतीच्या मध्यभागी बारीक चिरा आहेत का, हे विजेरीच्या उजेडात नीट पाहावे. चीर दिसली तर यंत्र कितीही स्वस्त मिळत असले तरी नाकारावे, कारण त्या वेगाने निखळलेला तुकडा कोठे जाईल याचा भरवसा नसतो. बोल्टची डोकी गोल झालेली असतील तर पाती काढणे अवघड जाणार, हेही तेव्हाच ध्यानात घ्यावे. रोलरच्या यंत्रात मध्ये गिअर असल्यामुळे रोलर हाताने सहजी फिरत नाही आणि तो दोष नव्हे. नवी पाती किंवा पट्टी बाजारात अद्याप मिळते का, याची चौकशी मात्र पैसे देण्यापूर्वीच करावी.

सुरक्षेच्या खटक्याची परीक्षा मी सर्वांत महत्त्वाची मानतो. वरचे तोंड जागेवर आवळणारी मूठ सैल केली की यंत्र सुरूच होता कामा नये. ते सुरू होत असेल, तर तो खटका कोणीतरी तारेने जोडून टाकलेला आहे किंवा बिघडलेला आहे. तो दुरुस्त होईपर्यंत त्या यंत्रात एक काटकीही घालू नये. तसेच यंत्र मोकळे चालू असताना भिंतीवरील बटण बंद करून पुन्हा चालू करावे. अनेक यंत्रांत अशा वेळी मोटर आपोआप सुरू होऊ नये, तिचे स्वतःचे बटण पुन्हा दाबावे लागावे, अशी सोय असते. शेवटी वरच्या तोंडाची लांबीही पाहावी, कारण हात पात्यांपर्यंत पोहोचू नये म्हणूनच ते लांब केलेले असते. जाड फांद्या घालता याव्यात म्हणून ते कापून आखूड केलेले यंत्र घेऊ नये.

मोकळे चालवताना ऐकू येणारा आवाज एकसारखा असावा. खरखर किंवा शिट्टीसारखा सूर बेअरिंगकडे निर्देश करतो, तर थरथर बहुधा पात्यांच्या असमान वजनामुळे असते. बटण दाबल्यावर मोटर नुसतीच गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर आत काही अडकले आहे का ते आधी पाहावे. तसे नसेल तर मोटरला फिरू लागण्यास मदत करणारा कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता मोठी असते. कपॅसिटर हा स्वस्तात बदलता येणारा भाग आहे, म्हणून केवळ या दोषासाठी चांगले यंत्र सोडू नये. मात्र प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार साठून राहू शकतो, त्यामुळे हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

पाती

यंत्रातून बाहेर पडणारा चुरा पात्यांची अवस्था सर्वांत आधी सांगतो. कडा स्वच्छ कापलेले तुकडे पडत असतील तर पाती ठीक आहेत. तुकडे चिंध्यांसारखे पिंजून येऊ लागले, फांदी आत जाताना आदळू लागली किंवा मोटरचा सूर क्षणोक्षणी खाली जाऊ लागला, तर धार गेलेली आहे. अशा स्थितीत यंत्र रेटत राहिल्यास मोटर तापते आणि शेवटी जळते, आणि मग दोष मोटरच्या माथी मारला जातो. जुने यंत्र घरी आणल्यावर पहिले काम पाती काढून पाहण्याचेच असावे.

पाती काढण्यासाठी चकती लाकडाच्या ठोकळ्याने अडवून धरावी आणि बोल्टच्या डोक्यात नेमका बसणारा पानाच वापरावा. बोल्ट गंजलेले असतील तर त्यांवर गंज सैल करणारे तेल सोडून ते रात्रभर तसेच राहू द्यावे. घाईने ताकद लावल्यास डोके गोल होते आणि पुढचे सारेच काम बिघडते. पुष्कळ यंत्रांतील पात्यांना दोन्ही बाजूंना धार असते, त्यामुळे एक बाजू बोथट झाली की पाते उलटवून बसवता येते. जुन्या यंत्रात दोन्ही बाजू आधीच वापरून झालेल्या असण्याची शक्यता असते, इतकेच.

धार लावताना मूळचा तिरकस उतारच कायम ठेवावा आणि तो एकाच बाजूने घासावा. पाठीची सपाट बाजू घासून तिरपी करू नये, धार लावताना तेथे उठलेली बारीक खरखरीत कड तेवढी दगडावर हलकेच काढावी. बारीक दातांची कानस किंवा पाण्याचा धारेचा दगड यासाठी पुरेसा होतो. विजेच्या ग्राइंडरने काम लवकर होते, परंतु पोलाद तापून निळे पडले तर त्याचा कठीणपणा जातो आणि धार फार काळ टिकत नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर पाते वारंवार पाण्यात बुडवून गार ठेवावे. खोल खाच पडलेले किंवा वाकलेले पाते धार लावून सुधारत नाही, ते बदलावे लागते. दोन्ही पात्यांमधून सारखेच पोलाद घासले गेले पाहिजे आणि शेवटी त्यांचे वजन लहान तराजूवर जुळवून पाहावे. वजन असमान राहिल्यास चकती थरथरते. त्याच कारणाने पाती बदलायची झाल्यास जोडीनेच बदलावीत.

पाती परत बसवण्यापूर्वी त्यांची बैठक खरवडून स्वच्छ करावी, कारण वाळलेल्या चिकाचा पातळ थरही पाते तिरके बसवण्यास पुरतो. झिजलेले बोल्ट पुन्हा वापरू नयेत आणि त्यांच्या जागी त्याच दर्जाचे बोल्ट घ्यावेत. सुमारे अर्धा तास काम झाल्यावर यंत्र बंद करून, प्लग काढून ते पुन्हा एकदा आवळून पाहावेत.

रोलरच्या यंत्रात धार लावण्याऐवजी रोलर आणि समोरची पट्टी यांतील अंतर साधायचे असते. तुकडे पूर्ण न तुटता सालीने एकमेकांना लटकलेले, माळेसारखे बाहेर येऊ लागले की हे अंतर वाढले आहे असे समजावे. अशा बहुतेक यंत्रांत बाजूला एक स्क्रू किंवा मूठ असते. यंत्र मोकळे चालू ठेवून ती थोडी थोडी फिरवावी. घासण्याचा हलका आवाज येऊन खालून पट्टीच्या धातूचा बारीक कीस पडू लागला की लगेच थांबावे. त्यापुढे फिरवल्यास पट्टी विनाकारण झिजते. स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही फरक पडत नसेल, तर पट्टी बदलण्याची वेळ आली आहे.

वीज आणि जागा

२,५०० वॅटची मोटर २३० व्होल्टवर सुमारे ११ अँपिअर प्रवाह घेते, म्हणून तिला मोठ्या क्षमतेचे सॉकेट आणि जाड तार लागते. लांबच्या अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. बारीक वायरमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) घटतो, मोटर अशक्त चालते आणि अधिक तापते. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळीतील उष्णता बाहेर पडत नाही. विद्युतगळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे सुरक्षा-स्विच वाटेत असणे आवश्यक आहे. यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे, मात्र खडीवर ठेवू नये, कारण खालून वेगाने पडणाऱ्या चुऱ्याबरोबर खडेही उडतात.

माल घालण्याची पद्धत

डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण असल्याशिवाय काम सुरू करू नये. सैल बाह्या, पदर, ओढणी, गळ्यातील दोरे आणि मोकळे केस यंत्राजवळ येता कामा नयेत. हातमोजेही मनगटाशी घट्ट बसणारे असावेत. तोंडाच्या समोर न राहता किंचित बाजूला उभे राहावे, कारण चकतीच्या यंत्रातून तुकडे उलट उडतात आणि लांब फांदी आत जाताना चाबकासारखी फटकारते.

छाटणी झाल्यावर शक्य तितक्या लवकर फांद्या बारीक कराव्यात. ताजे लाकूड सहज कापले जाते. तेच वाळून कडक झाले की पात्यांवर अधिक ताण येतो. जाड टोक आधी आत घालावे आणि आडव्या उपफांद्या आधीच छाटून घ्याव्यात. ओला पाला एकट्याने घातल्यास त्याचा लगदा होऊन बाहेर पडण्याची वाट बुजते, म्हणून मूठभर पाला आणि मग एखादी सुकी फांदी असा क्रम ठेवावा, म्हणजे फांदीच वाट साफ करत जाते. मोटरचा सूर खाली गेला की हात आवरावा आणि तो पूर्ववत झाल्यावरच पुढचा माल द्यावा. आत ढकलण्यासाठी यंत्रासोबतचा दट्ट्या वापरावा. तो हरवला असेल तर लाकडी काठी चालते, लोखंडी सळई कदापि नको.

नारळाच्या किंवा ताडाच्या झावळ्या, केळीचे सोप आणि लांब वेली यांचे धागे दांड्याभोवती गुंडाळले जातात, म्हणून त्या आधी आखूड तोडाव्यात किंवा यंत्रात घालूच नयेत. बांबू पात्यांची धार झपाट्याने खातो. मातीसकट उपटलेली मुळे तर पूर्णपणे वर्ज्य समजावीत, आणि जुन्या कुंपणातील फांद्यांमध्ये खिळा किंवा तार राहिली नाही ना, हे पाहून घ्यावे. कण्हेरीसारखी विषारी झुडपे बारीक केल्यास त्यांचा चीक आणि धूळ आपल्यावर उडते आणि चुरा जनावरांच्या तोंडी लागण्याचा धोका राहतो. ती वेगळी काढलेली बरी.

यंत्र अडकले तर आधी बटण बंद करावे, मग प्लग काढावा, चकती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी आणि त्यानंतरच तोंड उघडून अडकलेला माल काठीने मोकळा करावा. रोलरच्या यंत्रात उलट फिरवण्याची सोय असते, पण तीही रोलर पूर्ण थांबल्यावरच वापरावी. उष्णतेमुळे मोटर आपोआप बंद पडली असेल तर ती गार होऊ द्यावी. लागोपाठ बटण दाबत राहण्याने काही साधत नाही.

मिळालेला चुरा झाडांच्या बुंध्यापासून थोडा दूर, पाच ते आठ सेंटिमीटर जाडीच्या आच्छादनासाठी वापरता येतो. तो मातीत कालवू नये, कारण लाकूड कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र काही काळ स्वतःकडे ओढून घेतात.

काम संपल्यावर आतला माल पूर्ण बाहेर पडेपर्यंत यंत्र मोकळे चालू ठेवावे. नंतर प्लग काढून चुरा ब्रशने झाडावा, पाण्याचा फवारा मारू नये. चिकट थर ओलसर असतानाच पुसून पात्यांना तेलाचा हात द्यावा. पेट्रोलच्या यंत्रात आतील कोणतेही काम करण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी, हवेची जाळी साफ ठेवावी आणि जुन्या यंत्राचे ऑइल घरी आणताच बदलावे. काही महिने ते वापरायचे नसेल तर टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटरही रिकामा करावा, कारण साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट गाळ त्यातील बारीक छिद्रे बुजवतो.