समुद्री प्राण्यांचे रंग कसे पाहावेत

ओहोटीच्या वेळी खडकांत हिंडताना एखादी केशरी समुद्री गोगलगाय दिसली, की आपण वहीत ‘केशरी’ असे लिहून पुढे जातो. ती नोंद खरी असली तरी अपुरी असते, कारण तो रंग आपण उन्हात आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. तो प्राणी मात्र दिवसाचा बराच वेळ पाण्याखालच्या वेगळ्याच प्रकाशात राहतो आणि त्याच्याकडे पाहणारे डोळेही आपल्यासारखे नसतात. म्हणून रंगाच्या जोडीला तीन गोष्टी नेहमी लिहाव्यात: प्राणी किती खोलीवर राहतो, तिथले पाणी कसे आहे, आणि हा रंग कोणाच्या डोळ्यांना दिसायचा आहे. या तीन गोष्टी कशा पडताळाव्यात, ते पुढे सांगितले आहे. बहुतेक कामाला पाण्यात उतरण्याचीही गरज नाही.

सुरुवात घरी करावी. नितळ समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या पाच-दहा मीटरांतच बहुतांशी शोषला जातो, त्यामागून नारिंगी व पिवळा जातो आणि निळा सर्वांत खोल पोहोचतो. कोकण किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ आणि सूक्ष्म वनस्पती पुष्कळ असल्यामुळे निळाही लवकर अडतो आणि तिथे हिरवा प्रकाशच अधिक खोल उतरतो. हे अनुभवण्यासाठी बाजारातून तांबोशी किंवा राणी मासा आणावा, खोलीत पूर्ण अंधार करावा आणि टॉर्चच्या तोंडावर हिरव्या जिलेटीन कागदाचे तीन-चार पदर गुंडाळून तो प्रकाश माशावर टाकावा. उजेडात गुलाबी-लाल दिसणारी त्वचा काळपट, राखाडी दिसू लागते. निळा कागद लावून पुन्हा पाहिले, तर खोल नितळ समुद्रातला लाल प्राणी जवळपास काळा का दिसतो, हेही कळते. आपल्याला भडक वाटणारा लाल रंग तिथे लपण्याच्या कामी येतो. खोल समुद्रातल्या कितीतरी कोळंब्या लाल असतात, याचे कारण हेच आहे.

मासळी बाजारात गेल्यावर आधी बांगडा हातात घ्यावा. तो आडवा ठेवून पाहू नये. पाण्यात पोहताना असतो तसा, पाठ वर करून धरावा आणि वरून, बाजूने व खालून असा तीनदा पाहावा. वरून हिरवट-निळी पाठ आणि तिच्यावरचे अंगाच्या लांबीने जाणारे गडद, बारीक पट्टे दिसतात, जे खालच्या अंधाऱ्या पाण्यात मिसळून जातात. बाजूची चांदी हा खरे तर रंगद्रव्याचा रंगच नव्हे. त्वचेत ग्वानीन नावाच्या द्रव्याच्या पातळ स्फटिकांचे थर असतात आणि ते आरशासारखे काम करतात. उघड्या समुद्रात प्रकाश सभोवार जवळपास सारखा असल्यामुळे उभा आरसा आपल्या पाठीमागच्या पाण्यासारखाच दिसतो आणि मासा नजरेतून निसटतो. पापलेट आणि तारलीही याच पद्धतीने पाहून घ्यावी.

खरा वेळ द्यावा तो माकूलला. अगदी ताजी, नुकतीच होडीतून उतरलेली माकूल मिळाली, तर दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग तिच्या पाठीच्या त्वचेवर धरावे. तपकिरी, तांबूस आणि पिवळसर ठिपके विखुरलेले दिसतील. त्यांतल्या एखाद्या जागी नखाने हलकेच टोचावे आणि थांबावे. प्राणी मेल्यानंतरही काही काळ हे ठिपके मोहरीएवढे फुलतात आणि पुन्हा सुईच्या टोकाएवढे मिटतात. टोचलेल्या जागेभोवती त्यांची हलकी लाट पसरताना दिसली, तर त्या पाच मिनिटांसाठी पहाटे उठणे सार्थकी लागते, असे मला मनापासून वाटते. प्रत्येक ठिपका ही रंगद्रव्याने भरलेली लवचीक पिशवी असते आणि तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायू असतात. मेंदूकडून थेट मज्जातंतूंमार्फत आज्ञा आली, की स्नायू आखडतात, पिशवी ताणली जाऊन चकतीसारखी पसरते आणि रंग उमटतो. स्नायू सैल पडले, की रंग मिटतो. जिवंत माकूल सेकंदाच्या आत आपले रूप पालटू शकते, ते यामुळेच.

आता वहीत लिहिण्याजोगी गोष्ट अशी, की रंगांची ही कारागीर स्वतः रंगांध असते. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात, माकूलच्या डोळ्यांत मात्र प्रकाश टिपणारे रंगद्रव्य एकाच प्रकारचे असते. ती भोवतालचा उजेड, सावली आणि खडकाचा पोत यांच्याशी आपली त्वचा जुळवते. रंगाऐवजी तिला आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, ज्याला ध्रुवीकरण म्हणतात. या दिशेतला सुमारे 1 अंशाचा फरकही माकूलची जवळची नातलग कटलफिश ओळखते, असे प्रयोगांत दिसले आहे. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत हळूहळू फिरवला, की एका कोनात पडदा काळा पडतो. आपल्याला यंत्रावाचून न जाणवणारा हा फरक माकूलला उपजतच दिसतो.

कोळंबी आणली असेल, तर शिजवण्याआधी तिचा करडा-निळसर रंग नीट पाहून ठेवावा. तिच्या कवचात अॅस्टॅझँथिन हे तांबडे रंगद्रव्य आधीपासूनच असते, पण एका प्रथिनाशी बांधले गेल्यामुळे त्याचा रंग निळसर-करडा होतो. आच लागली, की ते प्रथिन मोडते आणि तांबडा रंग मोकळा होतो.

खडकाळ किनाऱ्यावर जाण्यासाठी उधाणाची ओहोटी गाठावी. तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची ढोबळ वेळ मिळते: द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. या दिवशी पाणी दूरवर हटते आणि उजेडही चांगला असतो. हा अंदाज आहे, तेव्हा भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पक्की करून मगच खडकांत उतरावे. डबक्याच्या पृष्ठभागावरची चमक नको असेल, तर पोलराइज्ड गॉगल डोके तिरके करून थोडा फिरवावा. चमक नाहीशी होऊन तळ स्वच्छ दिसतो. भडक रंगाची कवचहीन समुद्री गोगलगाय आढळली, तर तो रंग बहुधा शत्रूला दिलेला बेचवपणाचा किंवा विषारीपणाचा इशारा असतो. तिचे स्वतःचे डोळे उजेड-अंधारापलीकडे फारसे काही टिपत नाहीत, म्हणजे आपला रंग तिने कधी पाहिलेलाच नसतो. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा, आणि सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊ नये. आतला जीव विषारी दंश करू शकतो. प्रवाळाला हात लावू नये, तोडून तर मुळीच आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिले आहे.

फोटो काढताना चौकटीत एक पांढरे किंवा राखाडी कार्ड ठेवावे, कारण मोबाइलचा कॅमेरा आपणहून रंग बदलतो आणि नंतर खरा रंग कोणता हे सांगता येत नाही. मालवणकडे स्नॉर्केलिंगला गेल्यास हीच काळजी घ्यावी. पाण्याखाली फ्लॅश वापरून काढलेल्या चित्रातला झळझळीत लाल रंग त्या खोलीवर राहणाऱ्या माशांना तसा कधी दिसलेलाच नसतो, म्हणून फ्लॅशशिवाय काढलेले चित्रही सोबत जपावे.

मॅन्टिस श्रिम्प या कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्याबद्दल सावधपणे लिहावे. प्रवाळ खडकांवरच्या काही जातींच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशींचे 12 प्रकार असतात आणि त्यावरून त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक रंग दिसतात असे सर्रास लिहिले जाते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात ते माणसापेक्षा बरेच मागे पडले. शिवाय आपल्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यात येणारा, चिखलात राहणारा स्क्विला गटातला प्राणी निराळा आहे. भिंगातून पाहिल्यास त्याच्या डोळ्यावर एक आडवा पट्टा दिसतो. त्यात नेत्रिकांच्या, म्हणजे डोळा ज्यांचा बनतो त्या चिमुकल्या घटकांच्या, दोनच ओळी असतात, प्रवाळातल्या त्या जातींत सहा असतात, आणि ती 12 प्रकारांची व्यवस्था याच्यापाशी नाही.

हे ज्ञान प्रत्यक्ष उपयोगी पडते ते वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर येताच उजळ क्षितिजाच्या दिशेने धावतात आणि निळ्या-पांढऱ्या दिव्यांकडे फार सहज ओढली जातात, त्यामुळे किनाऱ्यावरचा एक पांढरा टॉर्चही त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे वळवू शकतो. पिल्ले पाहायला जाताना टॉर्च बंद ठेवावा आणि मोबाइलचा फ्लॅश सेटिंगमधून आधीच बंद करावा. वाटेपुरता उजेड लागलाच, तर टॉर्चवर तांबडा जिलेटीन कागद तीन-चार पदरी लावून तो मंद प्रकाश आपल्या पायांपाशीच ठेवावा.