वैशाखातली लांब राइड: निघण्याआधी काय काय

सायकलीकडे नंतर बघू, आधी माणसांचं ठरवा. 'आता परत फिरायचं' हा शब्द कुणाचा चालणार, हे आदल्या संध्याकाळीच पक्कं झालेलं हवं. जळगाव-भुसावळच्या उन्हात तापलेलं डोकं स्वतःबद्दल खरं सांगत नाही, आणि दमलेल्याला 'चाल ना भो, थोडंच राह्यलं' म्हणणारे दोघं-तिघं प्रत्येक ग्रुपमध्ये असतातच. कष्टातून होणारा उष्माघात कच्च्या माणसालाच गाठतो असं नाही. पुष्कळदा चांगल्या तयारीचा, पण मागे राहायची लाज वाटणारा माणूसच त्यात सापडतो. म्हणून हा अधिकार सर्वांत वेगवान माणसाकडे देऊ नका. ज्याला सगळे आबा किंवा नाना म्हणतात त्याच्याकडे द्या. त्याचा शब्द मोडायला जड जातो.

तयारी दोन आठवडे आधी सुरू होते. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात: घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. त्यासाठी रोज तास-दीड तास, हळूहळू वाढत्या उन्हात, हलक्या गतीने चालवा. 'आपण खान्देशी, आपल्याला काय ऊन' हे शेतात राबणाऱ्याने म्हणावं. दिवसभर एसीत बसणाऱ्याची सवय जन्मगाव जळगाव असलं तरी मुंबईकराइतकीच कच्ची असते. गेल्या दोन-चार दिवसांत ताप किंवा जुलाब झाले असतील त्याने सरळ घरी राहावं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, किंवा सर्दी-ॲलर्जीची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. अंग दुखू नये म्हणून निघताना वेदनाशामक गोळी घ्यायची काहींना सवय असते. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला महागात पडू शकते.

हवामान खात्याचा आकडा नीट वाचा. मैदानी भागात पारा 45 अंशांना टेकला की सरासरी काहीही असो, उष्णतेची लाट धरतात. 47 ला ती तीव्र. पण हा आकडा सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीतला असतो. तुम्ही चालवणार डांबरावर. शिवाय दिवसाचं सर्वाधिक तापमान बाराला नसतं, ते दुपारी अडीच ते चारच्या सुमारास येतं. 'बारापर्यंत काढलं, आता उतरेल' हा हिशेब म्हणूनच फसतो. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात, तिथे दुपार चुकवता येत नाही. सरावाच्या राइडला ती चुकवता येते आणि चुकवावीच. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य उगवतो, तेव्हा चारला, पुढे-मागे दिवे लावून निघा आणि दहाच्या आत सावलीत या.

रस्ता कोणता, यावर ग्रुपमध्ये दरवेळी वाद होतो. पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे जाणारा महामार्ग गुळगुळीत आहे, पण चौपदरीकरणात जुनी झाडं गेली आणि सावली पुलाखाली तेवढी उरली. माझं मत विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून धानोरा-अडावद-चोपड्याकडे, नाहीतर यावल-फैजपूर-सावद्याकडे जाण्याचं. तिकडे केळीचे बाग आहेत, कडेने शेवरीचं कुंपण आहे, आणि मुख्य म्हणजे दर थोड्या अंतरावर कुणाची तरी पाण्याची मोटर आणि हौद आहे. मात्र बागांमधून हवा दमट लागते, घाम वाळत नाही. तिथे गती कमी ठेवा.

वाऱ्याचाही विचार करा. या दिवसांत तापीच्या खोऱ्यात दुपारकडे पश्चिमेचा वारा जोर धरतो. म्हणून सकाळी पश्चिमेकडे जावं आणि परतताना वारा पाठीवर घ्यावा, हे ठीकच. पण एक गोम आहे. पाठीमागचा वारा तुमच्याच गतीने वाहू लागला की अंगावरून हवाच जात नाही, घाम वाळत नाही, आणि सायकल पळत असताना माणूस आतून भाजत जातो. पारा पस्तिशीच्या वर गेला की हवा कातडीपेक्षा गरम होते. मग थंडावा फक्त घाम वाळण्यातून मिळतो. त्यामुळे परतीला गती छान वाटली तरी दर अर्ध्या तासाने थांबून अंग भिजवायचं, हे ठरवूनच निघा. रांगेत अगदी चाक चिकटवून चालवण्यानेही मागच्याला हवा कमी लागते. उन्हात दोन चाकांत अंतर वाढवा, पुढचा माणूस लवकर लवकर बदला आणि शेवटी एक जाणता माणूस ठेवा, ज्याच्या मागे कुणी राहणार नाही.

आता पाणी. तासाला लिटरभर घाम सहज जातो, काहींचा त्याहून जास्त, आणि पोट तासाला साधारण लिटरच्या आतच पाणी पचवतं. म्हणजे कितीही प्यायलात तरी काही तासांनी तूट राहणारच. दहाच्या आत परत या म्हणण्याचं खरं कारण हे आहे. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. आणि लोक त्यालाच ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात. म्हणून एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. त्यापेक्षा जास्त मीठ नको. कैरीचं पन्हं किंवा मिठाचं ताक उत्तम, पण ताक पहिल्या तासातच संपवा. एक बाटली अर्धी भरून आदल्या रात्री बर्फ करा. दुसरीवर सुती मोजा चढवून तो ओला ठेवत राहा, माठासारखं काम करतो. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, वजन फार नाही.

कपडे पांढरे, सैल, पूर्ण बाह्यांचे. बागायती रुमाल ओला करून मानेभोवती. मांडीला व्हॅसलीन, डोळ्यांना चष्मा. मोबाइल हँडलवर लावू नका, तापून बंद पडतो. घरचा नंबर कागदावर लिहून ठेवा. आदल्या रात्री शेवभाजी आणि दारू दोन्ही नको. बरोबर दुधातली दशमी घ्या. केळी वाटेत मिळतात. सायकलीसाठी दोन नव्या ट्यूब घ्या. बाभळीचे काटे आणि सराटे सगळीकडे आहेत, आणि तापलेल्या ट्यूबवर पॅच धरत नाही. पंक्चर सावलीतच काढायचं, त्यासाठी पाव किलोमीटर ढकलत जावं लागलं तरी चालेल.

खुणा सगळ्यांना पाठ हव्यात. भर उन्हात अंगावर काटा, थंडी वाजणं, चिडचिड, सायकल रेषेत न राहणं. शंका आली की विचारा, 'पुढचं गाव कोणतं?' उत्तर अडखळलं की राइड तिथेच संपली, सगळ्यांचीच. घाम चालू आहे म्हणजे धोका नाही, असं मानू नका. एकाने 108 ला फोन करावा, बाकीच्यांनी गाडीची वाट न बघता अडखळणाऱ्याला सावलीत घ्यावं, हेल्मेट-जर्सी काढावी आणि मोटरच्या धारेखाली धरावं किंवा डोकं वर ठेवून हौदात बसवावं. हौद नसेल तर सगळ्यांच्या बाटल्या अंगावर ओता, रुमालाने वारा घाला. बर्फ काखेत, जांघेत, मानेवर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

निघताना आणि आल्यावर वजन करा. किलोभर घटलं म्हणजे जवळपास लिटरभर पाण्याची तूट. ती संध्याकाळपर्यंत मीठ-पाण्याने आणि जेवणाने हळूहळू भरा. दुसऱ्या दिवशीही लघवी गडद पिवळी असेल, तर परवाची राइड तुमच्यापुरती रद्द, आणि तसं ग्रुपवर आदल्या दिवशीच कळवा.