शेत शिरोळला, वारस अमेरिकेत: कागद करताना या चुका टाळा

शिरोळ तालुक्यातले एक आबा मध्यंतरी माझ्या ऑफिसात आले. पिशवीत सात-बारा, आठ-अ, साखर कारखान्याचा शेअर दाखला, सगळं नीट लावलेलं. मुलगा बरीच वर्षं अमेरिकेत, आता तिथलाच नागरिक. खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "पोराच्या नावावर करून टाकूया की. दोनशे रुपयांत हुतंय म्हणत्यात."

दोनशेची गोष्ट खरी आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलामुलीला, नवऱ्याला-बायकोला, नातवंडांना बक्षीस दिली, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे; बाकीचा खर्च निराळा. पण घेणारा परदेशात स्थायिक असेल, तर फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आड येतो. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला) शेतजमीन आणि फार्महाउस विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाहक्कानं मात्र मिळते. म्हणजे तीच जमीन त्याच पोराला आबांनी आज दिली तर बेकायदा, मृत्युपत्रानं ठेवली तर कायदेशीर. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला, म्हणून फेमाचा भंग पुसला जात नाही. दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. घर किंवा फ्लॅट असेल तर ही अडचण नाही, ते मुलाला खुशाल बक्षीस द्या.

आबांचं बक्षीसपत्र थांबवलं आणि मृत्युपत्र करायला घेतलं. त्याला मुद्रांकच लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी ती करायला लावतोच. दोन साक्षीदार हवेत, आणि ते वयानं लहान, इथलेच राहणारे असावेत. पंचाहत्तरीचे मित्र साक्षीला घेतले, तर गरज पडेल तेव्हा कोर्टात उभं कोण राहणार? जमीन वडिलोपार्जित असेल तर आबांना फक्त स्वतःच्या हिश्शापुरतंच लिहिता येतं. मुलींचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हे गावाकडे अजून ऐकून घ्यायची तयारी नसते. मला ते दर वेळी स्पष्ट सांगावं लागतं आणि मी सांगतो.

यातली सर्वात महाग चूक एका ओळीची आहे. मुलाकडे राहून आलेले आईवडील तिथल्या वकिलाकडून एक मृत्युपत्र करतात आणि इथं येऊन दुसरं. दोन्हीकडे छापील वाक्य असतं: "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत." नंतरचं आधीच्याला मारून टाकतं. इथल्या मृत्युपत्रात "फक्त भारतातील मिळकतीपुरते" असं लिहा, तिथल्यात तिथल्यापुरतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितलं. पतसंस्थेच्या ठेवीवर धाकट्याचं नाव घातलं, म्हणून ती त्याची होत नाही.

मुखत्यारपत्राबद्दल दोन गोष्टी. देणारा वारला की ते तिथंच संपतं; त्यानंतर त्यावर केलेली सही चालत नाही. आणि मुलानं परदेशातून पाठवलेलं मुखत्यारपत्र इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. पाकीट देवघरातल्या कपाटात ठेवून विसरलेली घरं मी पाहिली आहेत. जमीनमालक वारल्यावर वारसनोंदीची खबरही तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते.

आता विक्री. भारतात वारसा कर नाही, मृत्यूवरची इस्टेट ड्यूटी 1985 मध्येच गेली. त्यामुळे लोक निर्धास्त असतात आणि विकताना अडकतात. अनिवासी वारसानं कोल्हापुरात राजारामपुरीतला वडिलांचा प्लॉट 80 लाखांना विकला, तर खरेदीदारानं नेहमीचा 1 टक्का कर कापून चालत नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्याच्या 12.5 टक्के दरानं, तेही सगळ्या किमतीवर, अधिभार-उपकर सोडून 10 लाख कापावे लागतात. प्रत्यक्ष नफा थोडा असला तरी. यावर उपाय आहे: सौद्याआधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्या. इसार घेतल्यावर धावपळ करू नका, वेळ लागतो.

शेतजमिनीचं आणखी निराळं. कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीपासून हवाई अंतर 6 किलोमीटरच्या पुढे असेल आणि जवळच्या दुसऱ्या एखाद्या पालिकेच्या टप्प्यातही येत नसेल, तर ती ग्रामीण शेतजमीन. विक्रीच्या नफ्यावर इथं कर नाही. हद्दवाढ झाली की हे मोजमापही सरकतं. पण अमेरिकेत राहणाऱ्याला जगभरच्या उत्पन्नावर तिथं कर आहे, तिथं ही सूट चालत नाही. तिथं वारशाच्या मिळकतीची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावानं धरतात. इथं वडिलांना पडलेली किंमत, किंवा मिळकत जुनी असेल तर 1 एप्रिल 2001 ची. म्हणून सरकारमान्य मूल्यांककाकडून दोन्ही तारखांचे दाखले घ्या. दिवसकार्य झालं की महिन्या-दोन महिन्यांत करा; दहा वर्षांनी त्या दिवसाचा भाव शोधणं फार जड जातं.

ॲपवरून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या इथल्या लोकांनीही एक लक्षात ठेवावं: आपल्या पश्चात 60,000 डॉलरच्या वरच्या अशा मालमत्तेवर अमेरिका 40 टक्क्यांपर्यंत कर लावते.

उठता उठता आबा सहज बोलून गेले, की बँकेच्या ठेवींवर मुलाचं जोडनाव दहा वर्षांपासून आहे, "सोयीसाठी". अमेरिकेत राहणाऱ्याच्या, अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तर तिथल्या सरकारला कळवावं लागतं. नुसता सहीचा अधिकार असला तरी. पुढे वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त वारसा मिळाला, तर त्याचाही वेगळा फॉर्म. कर शून्य, पण फॉर्म न भरल्यास दंड 25 टक्क्यांपर्यंत.

मुलाला ऑफिसातूनच फोन लावला. त्यानं एकाही वर्षी ही माहिती भरलेली नव्हती. नोटीस येण्याआधी आपणहून भरायची वाट तिथल्या कायद्यात आहे. आबांनी दुसऱ्याच दिवशी बँकेतून दहा वर्षांचे खातेउतारे मागवले, आणि मुलगा ते आता तिथल्या सल्लागाराकडे देतो आहे.