बूम उंच करताय? ड्रिल हातात घेण्याआधी या चुका टाळा

शिडाच्या बोटीवर बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी दांडी) डोक्याला लागतो किंवा नव्या बिमिनीला (बसायच्या जागेवरच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या कापडी छताला) घासतो, म्हणून बरेच जण थेट गूजनेक (बूम डोलकाठीला जोडणारा सांधा) उचकटून डोलकाठीवर वर सरकवतात. कधीकधी तेच करावं लागतं. पण तो शेवटचा उपाय आहे, कारण शीड चढवल्यावर बूमचं मागचं टोक किती उंच राहणार हे मुख्यतः शिडाची मागची कड, म्हणजे लीच ठरवते.

शीड उतरवून मोजमाप घेणं

शीड खाली असताना बूम टॉपिंग लिफ्टवर (त्याचं मागचं टोक वरून धरणाऱ्या दोरावर) लटकलेला असतो. ती उंची कामाची नाही. शीड पूर्ण चढवा, मेनशीट (बूम आत-बाहेर करणारा दोर) आणि व्हँग (बूम खाली ओढून धरणारी जोडणी) घट्ट ओढा आणि मग कॉकपिटच्या तळापासून मोजा. बूम सर्वांत खाली येतो तो तेव्हाच. त्याच वेळी वर पाहा. शिडाचा माथा आणि डोलकाठीच्या टोकाची पुली यांत जागा उरली असेल, तर हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) नीट ओढलेला नसण्याची शक्यता आहे. जुन्या शिडाची लीच ताणून लांबलेली असते, त्यामुळेही मागचं टोक लोंबतं. अशा बोटीला गूजनेकचा नाही, शीड शिवणाऱ्याचा इलाज हवा.

टॉपिंग लिफ्टने बूम उचलून धरणं

नांगरावर असताना खुशाल उचला. चालत्या बोटीत उचललात तर लीच सैल पडते, शिडाचा वरचा भाग वारा सांडतो आणि वाऱ्याच्या दिशेने चढणं अवघड होतं.

शीड तेच ठेवून गूजनेक वर नेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गूजनेक २० सेंमी वर नेला तर शिडाचा माथाही २० सेंमी वर जायला हवा. तेवढी जागा नसेल तर शिडाची पुढची कड, म्हणजे लफ ताणलीच जात नाही आणि शिडावर आडव्या सुरकुत्या पडतात. मग शीड खालून कापावं लागतं. ४ मीटर लांबीच्या बूमवर २० सेंमीची पूर्ण पट्टी कापली की साधारण ०.८ चौरस मीटर शीड गेलं. शिवाय पहिल्या रीफची (जोराच्या वाऱ्यात शीड लहान करायच्या घडीची) खोली तेवढीच कमी होते, हे कापून झाल्यावर लक्षात येतं.

त्याऐवजी फक्त मागचा खालचा कोपरा, क्लू, २० सेंमी वर घेऊन शीड तिरकं कापलं तर निम्मंच क्षेत्रफळ जातं आणि डोलकाठीला हातही लागत नाही. मात्र फायदा मागच्या टोकाला मिळतो. तुम्ही बूमच्या मध्याखाली बसत असाल तर तिथे १० सेंमीच मिळतील. मला तरी बहुतेक क्रूझिंग (सहलीच्या) बोटींसाठी हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

नवी भोकं घाईत पाडणं

गूजनेक हलवायचाच असेल तर नवी भोकं एका आडव्या ओळीत पाडू नका. डोलकाठी तिथेच कमकुवत होते. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्टीलचे स्क्रू किंवा रिव्हेट बसवताना मध्ये गंजरोधक पेस्ट लावा, नाहीतर खारट पाण्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. शिडाच्या स्लाइड (डोलकाठीत सरकणाऱ्या पट्ट्या) आत घालण्याची खाच नव्या जागेच्या आड येत नाही ना, तेही आधी बघा.

मागच्या दोराकडे दुर्लक्ष

बॅकस्टे (डोलकाठीच्या टोकापासून बोटीच्या मागच्या टोकापर्यंतचा आधाराचा दोर) वर जाताना पुढे झुकत जातो. त्यामुळे बूमचं टोक जितकं उंच, तितकं ते बॅकस्टेच्या जवळ. जाइब करताना (मागून वारा असताना शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना) व्हँग सैल असेल तर टोक आणखी उसळतं आणि त्यात अडकू शकतं. वारा नसताना टोक हाताने शक्य तितकं उचलून या बाजूकडून त्या बाजूला फिरवून पाहा. मेनशीट आणि कडक (दोराऐवजी दांड्याच्या) व्हँगची लांबीही तेव्हाच तपासा. दोन्ही आखूड पडण्याची शक्यता असते.

शर्यतीत उतरणाऱ्यांनी डोलकाठीवरच्या खालच्या मोजमाप-पट्ट्याचं (शिडाची खालची मर्यादा दाखवणाऱ्या खुणेचं) काय होणार हे काम सुरू करण्याआधी क्लासच्या, म्हणजे आपल्या बोटीच्या प्रकाराच्या, मापकाला विचारावं.