ज्वारीच्या जेलचे स्पॉट शेवटी जुळले (माझा अनुभव)

सोलापुरात एप्रिलमध्ये जेल (प्रोटीन वेगळी करायचा जेलीसारखा थर) चालवायचं म्हणजे लई वैताग, जेल गरम झालं की वाकतं आणि बँडचं हसू होतं (कडांना वर वळतात). पाणी दिलेल्या आणि पाणी तोडलेल्या मालदांडी ज्वारीच्या पानांचं प्रोटीन टू-डी जेलवर (प्रोटीन आधी चार्जने, मग आकाराने वेगळी होऊन ठिपके म्हणजे स्पॉट दिसतात) चालवलं होतं, दोन्ही स्कॅन एकावर एक ठेवले तर डावीकडचे स्पॉट बसायचे आणि उजवीकडचे सरकलेले, नुसतं फिरवून-ताणून काही होईना.

मग फिजीत (फोटो तपासायचं फुकट सॉफ्टवेअर) असं केलं. दोन्ही फोटो १६-बिट ग्रे टिफ (जेपीईजी नकोच), मल्टी-पॉइंट टूलने दोन्हीकडे तेच ठळक स्पॉट त्याच क्रमाने क्लिक केले, क्रम चुकला की सगळंच चुकतं. मग लँडमार्क करस्पॉन्डन्सेस (क्लिक केलेल्या पॉइंटवरून फोटो जुळवणारं प्लगिन), क्लास अफाइन (अख्खा फोटो फिरवणं, ताणणं, तिरका करणं), एवढ्याने मोठा तिरकेपणा गेला. राहिलेल्या वाकड्यासाठी बीअनवार्पजे (फोटो जागोजागी वेगळा वाकवून जुळवणारं प्लगिन). खरी गोम इथंच, त्यात लँडमार्क वेट (तुमच्या पॉइंटना किती महत्त्व द्यायचं ते) आधीपासून शून्य असतं, म्हणजे तुम्ही कितीही पॉइंट द्या, ते बघतच नाही! ते १ केलं, डायव्हर्जन्स आणि कर्ल (वाकवणं गुळगुळीत ठेवणारी वेट) दोन्ही ०.१ ठेवले, नाहीतर जेल चुरगळलेल्या चादरीसारखं दिसतं.

तपासायला दोन्ही इन्व्हर्ट करून मर्ज चॅनेल्स, एक लाल एक हिरवा, जुळलं तिथं पिवळं.

आणि हो, स्पॉटची इंटेन्सिटी मोजायची ती मूळ स्कॅनवरच, ताणलेल्यावर नाही, ताणल्याने स्पॉटचा एरिया बदलतो. ताणलेला फोटो फक्त कुठला स्पॉट कुठला हे ओळखायला.